ऑस्ट्रेलियांतील मूळ रहिवाशांची कैफियत



१९५० नंतरच्या दशकांत पश्चिम ऑस्ट्रेलियांतील पर्थ शहरीं एक लहान मुलगी शाळेंत जात होती. वर्गांतील मुलें तिला विचारीत, तुम्ही मूळचे कोठले? मुलीनें घरीं येऊन आईस विचारिलें, तेव्हां आई म्हणाली, आपण हिंदुस्थानांतले असें सांग. वस्तुतः त्या कुटुंबाचा आपल्या देशाशीं कांहींएक संबंध नव्हता. तें ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांचें कुटुंब होतें. सॅली मॉर्गन हें त्या मुलीचें नांव. मोठेपणीं तिनें आपल्या कुळाचा शोध घेतला आणि 'माय प्लेस' हा ग्रंथ १९८७ सालीं प्रसिद्ध केला. दूरच्या मुलखांत कोणी आपल्या देशाचें नांव पांघरूणासारखें वापरावें याचें आपणांस प्रथम हसूं येईल. परंतु त्या आईवर ही पाळी कां आली हें कळल्यावर तें हसूं टिकणार नाहीं.

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सरकारनें १९०५ सालीं कायदा करून मूळ रहिवाशांच्या व मिश्र रक्ताच्या प्रत्येक मुलाचें पालकत्व, तें सोळा वर्षांचें होईपर्यंत, एका सरकारी अधिकाऱ्याकडे सोंपविलें. आईबाप जिवंत असले तरी कायद्यानें पालक तोच. त्याच्या हुद्द्याचें नांव होतें 'मुख्य संरक्षक'! गोऱ्या बापाचीं मुलें हुडकून काढावयाचीं, त्यांस आईपासून तोडून सरकारी वसाहतींत न्यावयाचें आणि मुलींस मोलकरणीचें काम शिकवावयाचें, असें हें संरक्षण. इतर प्रांतांतही निरनिराळ्या कायद्यांखालीं हाच प्रकार १९७० च्या सुमारापर्यंत चालला. सॅलीची आई स्वतः लहानपणीं अशीच एका बालगृहांत वाढलेली होती.

या अन्यायाविषयींचीं पुस्तकें वाचतांना व बोलपट पाहतांना मी एकच प्रश्न मनाशीं धरून बसतों : या कथेंत मुलाची आई कोठें आहे?

चार्ल्स शोव्हेल यांचा 'जेडा' हा बोलपट १९५५ सालचा. ऑस्ट्रेलियांतला तो पहिला रंगीत कथापट, आणि प्रमुख भूमिका मूळ रहिवाशांपैकींच दोघांना दिलेल्या. त्या काळीं हें धाडसच म्हणावें लागेल. जेडाची आई तिला जन्म देतांच मरते, आणि स्वतःचें मूल गमावलेली एक गोरी बाई तिला वाढविते. पुढें रानांतल्या एका पुरुषाच्या ओढीनें ती जाते व दोघेंही कड्यावरून कोसळून मरतात. दिग्दर्शकाच्या मनांत दया आहे, यांत शंका नाहीं. परंतु आईच मेलेली असल्यामुळें मूल उचलणें हा निव्वळ परोपकार ठरतो. कोणाचें कांहीं हिरावलें, हा प्रश्न उपस्थितच होत नाहीं. १९८९ सालीं ट्रेसी मॉफट या मूळ रहिवासी कलावतीनें 'नाइट क्राइज' या छोट्याशा पटांत जणूं या कथेचें पुढचें पान उघडलें. गोरी आई आतां जर्जर झाली आहे आणि सांवळी मुलगी तिची शुश्रूषा करीत आहे. माया आणि चीड यांचा असा गुंता मीं पडद्यावर क्वचितच पाहिला.

डॉरिस पिल्किंग्टन यांचें 'फॉलो द रॅबिट-प्रूफ फेन्स' हें १९९६ सालचें पुस्तक अगदीं उलट बाजूनें लिहिलेलें आहे. त्याची नायिका मोली ही लेखिकेची प्रत्यक्ष जन्मदात्री. १९३१ सालीं मोलीला आणि डेझी व ग्रेसी या नात्यांतल्या दोन लहान बहिणींना जिगलाँग येथून उचलून पर्थच्या उत्तरेकडील मूर रिव्हर वसाहतींत नेलें. पोरी तेथून पळाल्या आणि सुमारें १६०० किलोमीटरांची वाट पायीं तुडवूं लागल्या. दिशा दाखविली ती सशांच्या कुंपणानें. ससा मूळचा त्या खंडांतला नव्हे. गोऱ्यांनीं आणला, तो अनावर झाला, म्हणून त्यांनींच हें लांबलचक तारेचें कुंपण घातलें, आणि तेंच या मुलींचें वाटाड्या झालें! ग्रेसी वाटेंत पकडली गेली. मोली व डेझी घरीं पोंचल्या. पुस्तकाचें खरें सामर्थ्य मात्र या साहसांत नाहीं. लेखिकेनें सरकारी दप्तरांतील पत्रव्यवहार आईच्या आठवणींशेजारीं मांडला आहे. दप्तराच्या लेखीं ती वाट म्हणजे बंदोबस्ताची बाब. मुलींच्या लेखीं भूक, थंडी आणि पायांवरच्या चिघळलेल्या जखमा.

फिलिप नॉइस यांनीं यावरून २००२ सालीं काढलेला बोलपट कितीतरी अधिक लोकांपर्यंत गेला. त्यांतील संरक्षक नेव्हिल हा क्रूरकर्मा नाहीं. आपण या लोकांचें भलेंच करीत आहों अशी पक्की खात्री असलेला तो एक नीटनेटका अंमलदार आहे, आणि म्हणूनच त्याचें अधिक भय वाटतें. तथापि साहसकथेंत एक धोका असतो : घर गांठलें कीं प्रेक्षकाचें मन निवतें. तसें होऊं नये म्हणूनच कीं काय, शेवटीं खुद्द वृद्ध मोली व डेझी पडद्यावर येतात, आणि मोलीच्या पुढील आयुष्याची हकीकत कानीं पडते. १९४० सालीं तिला दोन मुलींसह पुन्हां त्याच वसाहतींत नेण्यांत आलें. दुसऱ्या वर्षीं धाकट्या ॲनाबेलला घेऊन ती पुन्हां पळाली व जिगलाँगला पोंचली. थोरलीला मागें ठेवावें लागलें. ती थोरली म्हणजेच पुस्तकाची लेखिका डॉरिस. पुढें ॲनाबेललाही नेलें, आणि मोलीला ती पुन्हां कधीं दिसली नाहीं.

या 'हिरावलेल्या पिढ्यां'विषयींचा सरकारी चौकशीचा अहवाल १९९७ सालीं संसदेपुढें आला. १३ फेब्रुवारी २००८ रोजीं पंतप्रधान केव्हिन रड यांनीं संसदेंत त्यांची क्षमा मागितली. मोलीला जाऊन तेव्हां चार वर्षें झालीं होतीं.