वांटणीनंतरचें मत
(ग्रामपंचायतीच्या प्रभागांचा कच्चा नकाशा लागल्यानंतर गांवच्या शाळेंत भरलेल्या सभेंतील भाषण)



आम्ही शाळामास्तर. मत कोणाला द्यावें हें सांगणें आमचें काम नव्हे, आणि तशी आम्हांस मुभाहि नाहीं. पण दर निवडणुकीला बोटाला शाई लावण्याचें काम आमच्याकडेच येतें, त्यामुळें मताचा प्रवास आम्हीं जवळून पाहिला आहे. गेल्या आठवड्यांत चावडीवर प्रभागांचा नकाशा लागला. त्यापुढें दोन म्हशी आणि एक पोरगें यांखेरीज कोणी उभें राहिलेलें आम्हांस दिसलें नाहीं. उमेदवार कोण, याची चर्चा मात्र पारावर दिवसभर चालते. म्हणून आज एका दूरच्या मुलखाची हकीकत सांगतों. ती शंभर वर्षांपूर्वीची आहे, पण ऐकतांना आपलीच वाटेल.

इंग्लंडच्या पश्चिमेस आयर्लंड नांवाचें बेट आहे. तेथील बहुतेक लोक रोमन कॅथॉलिक. उत्तरेकडील अल्स्टर प्रांतांत मात्र सतराव्या शतकापासून स्कॉटलंड व इंग्लंडांतून आणून वसविलेल्या प्रॉटेस्टंटांची वस्ती दाट. कॅथॉलिकांना स्वराज्य हवें होतें. प्रॉटेस्टंटांना वाटे, स्वराज्य आलें कीं आपण बुडालों. ते इंग्लंडशीं जोडून राहूं म्हणत, म्हणून त्यांना युनियनिस्ट म्हणतात. अखेर लंडनच्या पार्लमेंटनें १९२० च्या डिसेंबरांत कायदा करून बेटाचे दोन भाग केले. एकाचें पार्लमेंट डब्लिनला, दुसऱ्याचें बेलफास्टला.

आतां वांटणी म्हटली कीं बांध कोठें पडतो हें पाहावें. अल्स्टरांत परगणे नऊ. नऊच्या नऊ घेतले असते, तर प्रॉटेस्टंट निम्म्याहून थोडेसेच अधिक भरत. चार माणसें इकडची तिकडे झालीं कीं राज्य गेलें. म्हणून डोनेगॉल, कॅव्हन व मॉनॅहन हे तीन सोडून दिले आणि सहा ठेवले. त्या सहांत तीन माणसांमागें दोन प्रॉटेस्टंट पडले. बरें, त्या सहांतहि टिरोन आणि फर्मॅना या दोन परगण्यांत कॅथॉलिक किंचित् जास्तच होते. पण त्यांना कोणी विचारलें नाहीं. राज्य करण्याइतका मोठा, पण मतांत हरण्याइतका मोठा नव्हे, असा हा तुकडा बेतून काढला होता. थोरल्या भावानें आधीं विहीर आपल्या बाजूला घ्यावी आणि मग धाकट्याला म्हणावें, 'चल, आतां समान वांटूं,' त्यांतलाच हा प्रकार.

या तुकड्याच्या पार्लमेंटसाठीं २४ मे १९२१ रोजीं मतदान झालें. जागा ५२. शंभरांतील सुमारें नव्वद मतदार केंद्रावर गेले. बायकांना मत होतें, पण तीस वर्षांवरच्यांना. आणि दोन बायका निवडूनहि आल्या. दक्षिणेकडे तर मतदानच झालें नाहीं. तेथें १२८ पैकीं १२४ जागा शिन फेन पक्षाला बिनविरोध मिळाल्या, उरलेल्या ४ एका विद्यापीठाच्या.

उत्तरेंत लोकांपुढें प्रश्न एकच ठेवला गेला : वांटणी कबूल कीं नाकबूल? खंडाचें काय, मजुरीचें काय, हें विचारणारा वेडा ठरला. बेलफास्ट हें जहाजें बांधणाऱ्या कारागिरांचें शहर. १९२० च्या जुलैंत तेथील गोद्यांतून हजारों कॅथॉलिक कामगारांना त्यांच्याच सोबत्यांनीं हुसकून लावलें होतें. कांहींना पाण्यांत उड्या टाकाव्या लागल्या, वरून लोखंडी रिव्हेटांचा मारा. त्यांच्याबरोबर कामगारांच्या एकीची भाषा बोलणारे प्रॉटेस्टंटहि हांकलले गेले. हे लोक फितूर, असा त्यांच्यावर शिक्का. पुढें निवडणुकींत मजुरांच्या बाजूचे उमेदवार उभे राहिले, तेव्हां त्यांच्या सभेची जागा गोदींतल्याच गर्दीनें बळकावली आणि सभा होऊं दिली नाहीं. एकहि निवडून आला नाहीं. हातोडा एकच, घाम एकच. पण निवडणुकीच्या दिवसांत पोटाचा धंदा विसरून बापाचा धर्म तेवढा आठवावा लागतो, ही युक्ति कोणत्याहि देशांतल्या पुढाऱ्याला शिकवावी लागत नाहीं.

निकाल लागला : युनियनिस्ट ४०, राष्ट्रवादी ६, शिन फेन ६. जेम्स क्रेग मुख्य प्रधान झाले. हे बाराहि जण त्या पार्लमेंटांत बसावयास गेले नाहींत. वांटणीच मान्य नाहीं तर वांटणीच्या घरांत पाट कसा मांडावा, असें त्यांचें म्हणणें. २२ जून १९२१ रोजीं बादशहा पांचवे जॉर्ज यांनीं येऊन तें पार्लमेंट उघडलें, आणि समोर सगळे एकाच रंगाचे!

तरीहि बारा आले ते कसे, हें नीट ऐका. आजच्या बोलण्याचा गाभा तेथें आहे.

समजा, एका प्रभागांत शंभर मतदार आणि जागा तीन. सत्तर थोरल्या वाडीचे, तीस धाकट्या वाडीचे. आपल्या पंचायतीच्या रीतीप्रमाणें प्रत्येकाला तीन मतें. थोरली वाडी एकजुटीनें तिन्ही जागा नेते. तीस जण हात हालवीत घरीं. आयर्लंडांत रीत वेगळी होती. मत एकच, पण कागदावर नांवांपुढें १, २, ३ असे पसंतीचे आंकडे घालावयाचे. तीन जागांना शंभर मतांत सव्वीस मिळालीं कीं माणूस निवडून आला, कारण सव्वीस सव्वीस मतें चौघांना मिळणें शक्यच नाहीं. एखाद्याला चाळीस पडलीं तर वरचीं चौदा दुसऱ्या पसंतीकडे जातात. जो तळाला राहील तो गळतो, पण त्याचीं मतें पुढच्याला मिळतात. म्हणजे तिसांच्या वाडीचा एक माणूस येतोच येतो. आम्हीं सातवीच्या मुलांना चिंचोके वांटून हा खेळ खेळविला. एका तासांत सर्वांना उमगला. एका पोरीनें तर विचारलें, 'गुरुजी, मग आपल्याकडे असें कां नाहीं?' आपल्याकडेहि आहे. राज्यसभेचे सभासद आमदार निवडतात ते याच रीतीनें. मोठ्यांच्या घरीं ती केव्हांच पोंचली, आपल्या चावडीपर्यंत मात्र आलेली नाहीं.

लहान जमातीचा आवाज दबूं नये, यासाठीं ती रीत कायद्यांतच घातली होती. (त्याच पार्लमेंटच्या १९१९ च्या कायद्याखालीं मुंबई कौन्सिलांत मराठे व तत्सम जातींसाठीं ७ जागा राखून ठेवल्या गेल्या, हें वडीलधाऱ्यांच्या ऐकण्यांत असेल. तिकडे एक तोड, इकडे दुसरी.) मात्र त्या आयर्लंडच्या कायद्यांत एक फट होती. तीन वर्षांनंतर बेलफास्टच्या पार्लमेंटला आपल्या निवडणुकीची रीत बदलण्याची मोकळीक होती.

पहिल्या निवडणुकींत भीतीनें सारे एका खुंटाला बांधले गेले. भीति थोडी ओसरली आणि १९२५ सालीं काय झालें पाहा : युनियनिस्ट ४० चे ३२ झाले. मजूर पक्षाचे ३ आले. पक्षाला न जुमानणारे ४ युनियनिस्ट आले. आणि एक जागा अशा कुळांच्या माणसाला मिळाली, ज्यांची जमीन अजून त्यांच्या नांवें झाली नव्हती व जे जमीनदाराला खंड भरीत होते. खंडाचा प्रश्न एका माणसाच्या पायांनीं कां होईना, पार्लमेंटांत चालत गेला!

राज्यकर्त्यांना हें मानवलें नाहीं. गांवोगांवच्या स्थानिक मंडळांतून पसंतीची रीत त्यांनीं १९२२ सालींच काढून टाकली होती. १९२९ सालीं ती पार्लमेंटांतूनहि काढली. एका मतदारसंघाला एक जागा. लगेच झालेल्या निवडणुकींत मजूर तीनांचे एक झाले, कुळांचा माणूस नाहींसा झाला, युनियनिस्ट ३७ वर गेले. राष्ट्रवादीहि १० चे ११ झाले, म्हणून त्यांच्या कांहीं पुढाऱ्यांना फारसें झोंबलें नसेल. मेला तो मधला माणूस. धर्म बाजूस ठेवून भाकरीचें बोलणारा.

आणि प्रभागांची कमाल पाहावयाची तर डेरी शहरांत चला. १९६७ सालीं तेथें नगरपालिकेच्या मतदारांत कॅथॉलिक १४,४२९ आणि इतर ८,७८१. नगरपालिकेंत जागा २०. युनियनिस्ट १२, विरोधक ८! हें कसें? प्रभाग तीन पाडले. दक्षिण प्रभागांत १०,०४७ कॅथॉलिक व १,१३८ इतर एकत्र कोंबले आणि त्यांना जागा ८. उत्तर प्रभागांत २,५३० व ३,९४६; जागा ८. वॉटरसाइडला १,८५२ व ३,६९७, जागा ४. धान्य तेंच, पायली तीच, फक्त पोतीं कशीं भरावींत एवढेंच ठरविलें. शिवाय मत घरधन्याला. त्या घरांत राहणाऱ्या जाणत्या मुलाला नाहीं. म्हणजे घर दिलें कीं मत दिलें. मग दुसऱ्या बाजूच्या माणसाला नवें घर देण्यापूर्वीं नगरपालिका प्रभागाचा नकाशा उघडून पाही. कोंदट खोल्यांत दोन दोन कुटुंबें वर्षानुवर्षें राहिलीं तीं यामुळें.

'एका माणसाला एक मत' असें म्हणत १९६८ च्या ५ ऑक्टोबरला डेरींत लोक रस्त्यावर आले, त्यांना पोलिसांच्या लाठ्या बसल्या, आणि पुढें तीस वर्षें त्या मुलखांत रक्त वाहिलें. १९७२ सालीं बेलफास्टचें पार्लमेंट लंडननें बंद केलें. पन्नास वर्षें एकाच पक्षाचें राज्य चाललें होतें. १९७३ सालीं नवी विधानसभा निवडावयाची वेळ आली, तेव्हां तीच पसंतीची १, २, ३ ची रीत परत आणावी लागली. आजहि तेथें विधानसभेची निवडणूक तशीच होते.

आतां आपल्या चावडीवरच्या नकाशाकडे. त्यावर हरकत घेण्याची मुदत अजून आहे. आम्हीं त्याची एक नक्कल शाळेंत आणून ठेवली आहे. कोणाचा डाव आहे असें आम्ही म्हणत नाहीं. तलाठी आप्पांची रेघ सरळहि असेल. पण कुंभारआळीचीं अर्धीं घरें ओढ्यापलीकडच्या प्रभागांत गेलेलीं आम्हांस दिसतात, आणि ओढा तर आळीच्या खालून जातो. उद्यां दिवेलागणीनंतर मतदारयादी घेऊन बसूं. प्रत्येक आळींतून एक लिहितांवाचतां येणारा मुलगा किंवा मुलगी पाठवा. कुंभारआळीचीं घरें मोजून झालीं आहेत. माळवाडी, सुतारवाडा आणि ओढ्यापलीकडची वस्ती मोजावयाची राहिली आहे.