मिटलेली मूठ

माझे थोरले भाऊ लातूरला असतात. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर त्यांचा उजवा हात छातीशी आखडला, मूठ मिटली ती मिटलीच. नखं तळव्यात रुतायची. दुआ मागताना एकच तळवा उघडा. नशीब म्हणत आम्ही वर्ष घालवलं.

मग नांदेडच्या डॉक्टरांनी बोटुलिनम विषाचं इंजेक्शन सुचवलं. विष म्हणताच भाभी घाबरल्या. डॉक्टरांनी समजावलं, स्नायूला आवळायचा निरोप देणारं रसायन हे औषध मज्जातंतूच्या टोकाशीच अडवतं. स्नायू सैल पडतो. खराब सॉसेजमधून होणाऱ्या या विषबाधेचा अभ्यास करून, हेच विष अल्प मात्रेत औषध ठरेल, असं १८२२ साली सुचवणारे जर्मन डॉक्टर युस्टिनुस केर्नर कवी होते, हे वाचून मला बरं वाटलं!

दहाएक दिवसांत मूठ सैलावली. गेलेली ताकद इंजेक्शनानं परतत नाही. असर साधारण तीन महिने टिकतो, तेवढ्यात व्यायाम नेटानं करावा लागतो. खर्चही हलका नाही. भाईजान अजून पेन धरू शकत नाहीत. पण भाभी आता त्यांची नखं कापतात, तळवा धुतात. परवा जुम्म्याला त्यांनी दुआसाठी हात पसरले, दोन्ही.

आखडलेला हात नशिबावर सोडू नका. वेळीच डॉक्टरांना विचारा.