भूल आणि रुग्णाचे मन



घरात कोणाची शस्त्रक्रिया ठरली म्हणजे आपण पैशाची तजवीज करतो, रक्तदाते शोधतो, चांगला दिवसही पाहतो. रुग्णाच्या मनाची विचारपूस मात्र सहसा होत नाही. त्याविषयीच चार शब्द बोलण्याचे आम्ही योजिले आहे.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात मॉर्टन या दंतवैद्याने ईथरची भूल देऊन दाखविली, आणि शस्त्रक्रियेतील वेदना टाळता येते हे जगास पटले. परंतु भूल केवळ देहाला दिली जात नाही. मनात धास्ती घेऊन आलेल्या रुग्णास झोप लागण्यासाठी औषधाची मात्रा कधी अधिक लागते. तर पूर्वीपासून खिन्नतेने ग्रासलेल्यास शस्त्रक्रियेनंतरचे दुखणे अधिक जाणवते, असे काही अभ्यासांत आढळले आहे.

त्याच रुग्णालयात डॉ. एग्बर्ट व त्यांचे सहकारी यांनी केलेला, १९६४ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग मननीय आहे. पोटाची शस्त्रक्रिया व्हावयाच्या ९७ रुग्णांपैकी ४६ जणांना, पुढे दुखणे कसे होईल व ते सुसह्य कसे करावे, हे भूलतज्ज्ञाने आधीच समजावून दिले. त्यांना नंतर वेदनाशामक औषध इतरांच्या सुमारे निम्मेच लागले. धीराच्या शब्दाचे सामर्थ्य एवढे आहे!

पण ज्याचे दुःख ठाऊकच नाही त्याला धीर कोणी द्यावा? आपल्या समाजात मनाचा आजार झाकून ठेवण्याची रीत आहे. मुलीची सोयरीक मोडेल, चारचौघांत नाचक्की होईल, या भयाने खिन्नतेवरील गोळ्यांची गोष्ट डॉक्टरांपासूनही लपविली जाते. हे लपविणे जिवावर बेतू शकते. त्यांपैकी काही गोळ्यांचा पेथिडीनसारख्या वेदनाशामकाशी घातक संयोग होतो. उलट, शस्त्रक्रिया जवळ आली म्हणून गोळ्या आपल्याच मनाने एकाएकी बंद करणेही अपायकारक ठरते. कोणती चालू ठेवावी व कोणती थांबवावी, हे डॉक्टरांनीच ठरवावयाचे असते.

म्हणून आमची विनंती एवढीच की, दमा व मधुमेह जितक्या मोकळेपणाने सांगता, तितक्याच मोकळेपणाने मनाची खिन्नता व तिच्यावरील औषधे भूलतज्ज्ञास सांगा. रुग्णाचे गुपित राखणे हे वैद्यकाचे व्रतच आहे. सोयरीक पुन्हा जुळविता येते. गेलेला जीव परत आणता येत नाही.