९२८ गुणांचे काय झाले?



नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २०२०-२१ या वर्षाचा पीजीआय, म्हणजे राज्यांच्या शालेय शिक्षणाचा कामगिरी श्रेणी निर्देशांक, जाहीर केला. महाराष्ट्राला १००० पैकी ९२८ गुण मिळाले. केरळ आणि पंजाबच्या बरोबरीने आपण देशात सर्वांत वर होतो. पुढच्या जुलैत २०२१-२२ चे गुण आले आणि आपले राज्य ५८१ ते ६४० या गटात, 'प्रचेष्टा-३' नावाच्या सातव्या श्रेणीत जाऊन बसले. गुरुजी, एका वर्षात असे काय बिघडले, असे तुम्हा मुख्याध्यापकांपैकी कित्येकांना पालकांनी विचारले असेल. त्या पालकाला सरळ उत्तर देता आले पाहिजे, म्हणून आज हे गणितच तुमच्यासमोर मांडतो.

जुन्या पद्धतीत ७० निर्देशक होते. प्रत्येक निर्देशकाला ठरावीक गुण, आणि राज्य उद्दिष्टाच्या जितके जवळ तितके गुण पदरात. या १००० गुणांपैकी एकट्या प्रशासकीय प्रक्रियेला ३६० होते. निधी किती दिवसांत खाली पोचला, शिक्षकांची हजेरी ऑनलाइन नोंदवली जाते का, रिक्त पदे किती, असे सगळे त्यात येई. मुले काय शिकली, याला १८०. म्हणजे कारभाराच्या नोंदी चोख ठेवण्याला मुलांच्या शिकण्यापेक्षा दुप्पट वजन मिळत होते. शिवाय ते १८० गुण नोव्हेंबर २०१७ च्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणावरून काढलेले. २०१८-१९ आणि २०१९-२० च्या निर्देशांकांतही शिकण्याचे आकडे तेच राहिले, कारण मधल्या काळात नवे सर्वेक्षण झालेच नव्हते. गुण वर चढत होते ते इतर रकान्यांतून.

मग पट्टी बदलली. निर्देशक ७३ झाले. प्रशासन ३६० वरून १३० वर आले, अध्ययन निष्पत्ती १८० वरून २४० वर गेली, शिक्षक-प्रशिक्षणाला वेगळे १०० गुण मिळाले. २०२१-२२ मध्ये नव्या पट्टीवर पहिल्या पाच श्रेणींत देशातले एकही राज्य बसले नाही. आता याच जोडीला आणखी एक गोष्ट घडली होती. शिकण्याचे नवे आकडे नोव्हेंबर २०२१ च्या सर्वेक्षणातले, शाळा दीर्घकाळ बंद राहिल्यानंतरचे. तेव्हा आपले गुण पट्टी बदलल्यामुळे किती उतरले आणि मुले खरोखर मागे पडल्यामुळे किती, हे एकूण बेरजेतून कळायला काही मार्ग नाही. पालकाला हेच सांगायला हवे : बेरजा दोन वेगळ्या पट्ट्यांवरच्या आहेत, त्यांची वजाबाकी होत नाही. पण शिकण्याचा रकाना तेवढा उघडून बघा, तिथे काळजी करण्यासारखे आहे.

माझा खरा आक्षेप समतेच्या रकान्यावर आहे. नव्या पद्धतीत त्याला २६० गुण आहेत, सर्वांत जास्त. अनुसूचित जाती-जमातींची मुले आणि इतर मुले, गाव आणि शहर, मुलगे आणि मुली यांच्या संपादणुकीतला फरक त्यात मोजतात. फरक जितका कमी तितके गुण जास्त. हेतू अगदी योग्य आहे. पण दोन्ही गट सारखेच मागे असले तरी फरक कमीच दिसतो! आदिवासी पाड्यावरची मुलगी भागाकार शिकली म्हणून फरक मिटला, की शहरातल्या मुलालाही तो येईनासा झाला म्हणून, हे त्या आकड्यात दिसत नाही. म्हणून समतेचे गुण संपादणुकीच्या पातळीशेजारी ठेवूनच छापावेत, अशी मागणी या अधिवेशनाने करावी असे मला मनापासून वाटते.

आणि हे सगळे आकडे उगवतात कुठे? पुष्कळसे आपल्याच टेबलावर. शाळेची माहिती दरवर्षी सरकारला कळवणारा यू-डायस प्लसचा फॉर्म भरायला घेतला की केंद्रप्रमुखांचा फोन येतो, आज रात्रीपर्यंत पूर्ण करा. मुलींच्या स्वच्छतागृहाचा प्रश्न घ्या. एकूण किती आणि वापरण्याजोगी किती, असे दोन आकडे मागितलेले असतात. वापरण्याजोगे म्हणजे पाणी हवे, भांडे फुटके नको, निचरा हवा, दार आतून लावता आले पाहिजे. कडी तुटलेली असेल तर ते स्वच्छतागृह दुसऱ्या आकड्यात धरता येत नाही. सातवीतल्या मुली मैत्रिणीला दाराशी उभे करून आत जातात, हे आपण रोज पाहतो. तरीही घाईत दोन्ही रकान्यांत एकच आकडा जातो. राज्याची टक्केवारी वाढते आणि कडीसाठी पैसे मागायचा आधार आपणच घालवून बसतो. खरा आकडा भरणाऱ्या मुख्याध्यापकाला नोटीस येते, ही तक्रारही मी ऐकली आहे. ती रास्त आहे आणि वरिष्ठांपुढे ती मांडायची जबाबदारी मी अध्यक्ष म्हणून घेतो.

आपल्या हातातली एक गोष्ट मात्र याच वर्षी सुरू करता येईल. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. फॉर्म अंतिम करण्याआधी तो त्या समितीच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावा, आकडे पालकांनी वर्गात, स्वच्छतागृहात, पाण्याच्या टाकीपाशी जाऊन पडताळावेत आणि तशी नोंद इतिवृत्तात घ्यावी. त्यासाठी फॉर्मची मुदत किमान दोन आठवडे असावी, हा ठराव मी आपल्यासमोर मांडतो. दुपारच्या सत्रात त्यावर चर्चा व्हावी.