पाळत आणि लिहिणारा हात



'पाळत' हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. पाळत कुणावर तरी ठेवली जाते; आधी संशय, मग पाळत, असा क्रम त्यात गृहीत असतो. आज हा क्रम उलटला आहे.

जुना क्रम खरक सिंह यांच्या खटल्यात दिसतो. 1941 मध्ये दरोड्याच्या प्रकरणात पकडून त्यांना पुराव्याअभावी सोडले. तरी उत्तर प्रदेश पोलिसांनी पाळत चालूच ठेवली. रात्री-अपरात्री त्यांच्या दारावर थाप पडे. 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या रात्रीच्या फेऱ्या घटनाबाह्य ठरवल्या. पण खासगीपणाचा हक्क घटनेने दिलेला नाही, असेही बहुमताने म्हटले. ते दुरुस्त व्हायला 2017 साल उजाडले. पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला.

खरक सिंहांना निदान थाप ऐकू येत होती, म्हणून ते न्यायालयात जाऊ शकले. फोन ऐकला जातो तेव्हा थाप वाजत नाही. 1996 मध्ये न्यायालयाने त्यावर बंधने घातली: गृहसचिवाचा आदेश, दोन महिन्यांची मुदत, फार तर सहा महिने आणि पुनर्विलोकन समिती. मात्र आदेश देणारे सचिव, तपासणारेही सचिवच. न्यायाधीशाची पूर्वपरवानगी त्यात नाही. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे कलम 17 सरकारला आपल्या यंत्रणांना सूट देण्याची मुभा देते. चौकातला चेहरे ओळखणारा कॅमेरा तर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला टिपतो; संशय नंतर शोधता येतो.

गुन्हेगार सापडलाच पाहिजे. त्यासाठी न्यायाधीशाची परवानगी घ्यावी, मुदत ठरवावी आणि तपास संपल्यावर त्या व्यक्तीला कळवावे, एवढेच माझे मागणे आहे.

"आम्हांला लपवण्यासारखे काही नाही," असे विद्यार्थी म्हणतात. मी विचारतो, "तुमची रोजनिशी वर्गात वाचू का?" तिच्यात गुन्हा नसतो, तरी हात वहीवर जातो. आपले लेखनही अशाच वहीत सुरू होते: कच्चा खर्डा, खोडलेली ओळ, अजून न पटलेले मत. कुणी पाहत असेल या नुसत्या शंकेने लिहिणारा आपणहून ओळ गाळतो. बंदी घातलेल्या पुस्तकासाठी निदान दाद मागता येते. न लिहिलेल्या ओळीसाठी कुणाकडे दाद मागायची? म्हणून हा प्रश्न वकिलांवर सोडून आपल्याला मोकळे होता येणार नाही.