पंजाबी हिंदूंची व्रते आणि सण



दिवाळी आश्विन वद्य अमावास्येला येते, हे आपल्याकडील लहान मुलालाही ठाऊक असते. अमृतसरच्या एखाद्या पंडिताला विचारावे, तर तो ती कार्तिकात येते असे सांगेल. आणि त्याचेही बरोबरच आहे. रात्र तीच, पणत्या त्याच रात्री लागतात, महिन्याचे नाव तेवढे निराळे. आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. म्हणून शुद्ध पक्षात दोन्हीकडची नावे जुळतात आणि वद्य पक्ष लागला की पंजाबी पंचांग एक महिना पुढे गेलेले दिसते. आपल्या श्रावणातली गोकुळाष्टमी तिकडे भादोंत जाते, माघातली महाशिवरात्र फग्गणात. गंमत अशी की त्यांचे विक्रम संवताचे वर्ष बदलते ते मात्र चैत्र शुद्ध प्रतिपदेला, आपल्या गुढीपाडव्याच्याच दिवशी; तोवर त्यांचा चेत महिना अर्धा होऊन गेलेला असतो!

एवढ्यावरच भागले असते तर बरे होते. पण पंजाबात चंद्राच्या जोडीला सूर्याचीही मोजणी चालते. सूर्य नव्या राशीत गेला की नवा महिना. त्या दिवसाला 'संग्रांद' म्हणतात. आपण वर्षात एकच संक्रांत ओळखतो, ती मकराची. तिकडे बाराही संक्रांतींना मान आहे. त्या दिवशी देवळात किंवा गुरुद्वारात जाऊन नव्या महिन्याचे नाव ऐकावे, असा रिवाज आहे.

या दोन मोजण्यांनी कामे कशी वाटून घेतली आहेत, ते पाहण्यासारखे आहे. सूर्याकडे शेत, नदीचे स्नान आणि जत्रा. चंद्राकडे घर, उपास आणि बायका. विसाखी ही विसाखाची संग्रांद; ती एप्रिलच्या 13 किंवा 14 तारखेला येते, तेव्हा गहू कापणीला आलेला असतो. हिंदूंच्या दृष्टीने तो स्नानाचा व दानाचा दिवस. गुरू गोविंदसिंगांनी 1699 साली खालशाची स्थापना केली ती याच सणाला, आणि 1919 साली जालियनवाला बागेत गोळ्या झाडल्या गेल्या त्याही याच सणाला. सूर्याचे सण असे चव्हाट्यावरचे असतात. त्यात हिंदू कोण व शीख कोण, हे वेगळे काढू म्हटले तरी जमत नाही.

चंद्राच्या व्रतांचे तसे नाही. ती उंबऱ्याच्या आतली. 1947 साली फाळणी झाली आणि लाहोर, रावळपिंडी, मुलतानची लाखो हिंदू-शीख कुटुंबे उठून इकडे आली. कटासराजचे तळे तिकडे राहिले, मुलतानचे प्रल्हादपुरीचे देऊळ तिकडे राहिले. देऊळ पाठीवर घेऊन येता येत नाही. पण जे व्रत एक थाळी, एक पाण्याचा गडू आणि आभाळातला चंद्र एवढ्यावर होते, ते निर्वासितांच्या छावणीतही होऊ शकते. आपल्या मुंबईत शीव-कोळीवाड्याच्या बराकींत पंजाबी माणसे येऊन राहिली, त्यांच्याबरोबर ही व्रतेही येऊन राहिली.

त्यांतले सर्वांत प्रसिद्ध म्हणजे करवा चौथ. करवा म्हणजे तोटीचे मातीचे भांडे. हे व्रत कत्तकच्या वद्य चतुर्थीला, म्हणजे आपल्या हिशेबाने आश्विनातल्या संकष्टीला येते. त्या रात्री आपल्याकडचा गणेशभक्त मोदकाचा नैवेद्य तयार ठेवून ज्या चंद्राची वाट पाहतो, त्याच चंद्राची वाट पंजाबी सुवासिनी पाहत असते. फरक इतकाच की तिच्या तोंडात दिवसभर पाण्याचा थेंबही गेलेला नसतो. पहाटे तारे असतानाच सासूने दिलेली 'सरगी' खायची: दुधातल्या फेण्या, मठऱ्या, फळे. मग चंद्रोदयापर्यंत काही नाही. दुपार कलली की शेजारपाजारच्या बायका नटूनथटून वर्तुळात बसतात आणि आपापल्या थाळ्या हातोहात सात वेळा फिरवतात. रात्री चाळणीतून चंद्र पाहायचा, अर्घ्य द्यायचे आणि नवऱ्याच्या हातून पाणी प्यायचे.

कहाणीही आपल्या कहाण्यांच्या जातीची आहे. सात भावांची एकुलती एक बहीण वीरावती. तिची भूक भावांना पाहवेना, म्हणून त्यांनी झाडामागे दिवा धरून खोटा चंद्र दाखवला. तिने उपास सोडला आणि नवरा गेला. पंजाबी पाठात त्याच्या सर्वांगात सुया रुततात. ती वर्षभर एकेक सुई काढत बसते, आणि शेवटची सुई काढायच्या वेळी नेमकी बाहेर जाते. ती सुई दासी काढते आणि राणी होऊन बसते. पुढे सारे निस्तरते, हे सांगायला नकोच.

या व्रताचे आजचे रूप हिंदी चित्रपटांनी घडवले आहे. 1995 च्या 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' नंतर ज्या प्रांतांत हे व्रत नव्हते, तिथेही ते पोहोचले. बायकोने नवऱ्यासाठी उपाशी राहावे आणि नवऱ्याने तिच्यासाठी काही करू नये, ही तक्रार जुनी आहे, खरी आहे, आणि आपल्या वटपौर्णिमेलाही ती लागू आहे. पण आम्हांला या व्रतातली दुसरी एक गोष्ट अधिक बोलकी वाटते. त्या दिवशी सूत कातायचे नाही, चरखा फिरवायचा नाही, सुईत दोरा ओवायचा नाही. ज्या घरात बाईचा चरखा एरवी थांबत नसे, तिथे सुट्टी मागून मिळाली नसती. ती निषेधाच्या रूपाने मिळाली. बायकांनी बायकांसाठी केलेली ही तजवीज आहे असे आम्ही समजतो. पुरुषांना तिचा पत्ता नसावा.

चार दिवसांनी अहोई अष्टमी येते. तिथे चंद्र नाही, तारे पाहून उपास सोडायचा. भिंतीवर अहोईमातेचे चित्र काढतात आणि शेजारी पिलांसह साळिंदर. माती खणताना एका बाईच्या कुदळीने चुकून साळिंदराची पिले मेली, त्या पापाच्या परिमार्जनाची ही कथा. व्रत मुलांसाठी आहे खरे, पण परंपरेने मुले म्हणजे मुलगे.

इथे आम्हांला थोडे थांबावेसे वाटते. कारण याच पंचांगात मुलीचीही पूजा आहे. चेत आणि अस्सू या दोन्ही महिन्यांच्या नवरात्रांत अष्टमीला किंवा नवमीला 'कंजक' बसवतात. लहान मुलींचे पाय धुवायचे, हातात लाल धागा बांधायचा, हलवा-पुरी आणि काळे चणे वाढायचे, वर दक्षिणा द्यायची. आणि 2001 च्या जनगणनेत पंजाबात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली होत्या 798. कंजक बसवायला घरोघर मुली शोधत फिरावे लागते, असे लोक बोलू लागले ते उगीच नव्हे. 2011 मध्ये हा आकडा 846 वर आला. आपण नाक मुरडण्याचे मात्र कारण नाही. त्याच दहा वर्षांत महाराष्ट्राचा आकडा 913 वरून 894 वर उतरला, आणि घटापुढे सवाष्ण-कुमारिका आपणही जेवू घालतो.

लोहडीची गोष्ट याहून नवलाची आहे. लोहडी पोह महिन्याच्या अखेरच्या रात्री, म्हणजे आपल्या भोगीच्या दिवशी. अंगणात शेकोटी पेटवून तीत तीळ, रेवड्या, लाह्या टाकायच्या. त्याच रात्री उसाच्या रसातली खीर शिजत ठेवायची आणि सकाळी, माघ लागल्यावर, खायची. पोरे दारोदार गाणी म्हणत लाकडे आणि शेंगदाणे गोळा करतात, आणि त्या गाण्यांचा नायक आहे दुल्ला भट्टी. हा मुसलमान राजपूत. त्याने अकबराविरुद्ध बंड केले आणि 1599 साली त्याला लाहोरात फाशी दिले गेले. लोककथा सांगते, की सुंदरी व मुंदरी नावाच्या दोन अनाथ ब्राह्मण मुलींना पळवून नेण्याचा बेत झाला, तेव्हा याने रानात शेकोटीभोवती त्यांची लग्ने लावली, स्वतः बाप होऊन कन्यादान केले, आणि आहेर म्हणून त्यांच्या ओटीत साखर घातली.

दुसऱ्याच्या मुलींचा बाप झालेल्या माणसाचे हे गाणे. आणि ते जोराने म्हटले जाई ते कोणाच्या दारात? जिथे त्या वर्षी मुलगा झाला, किंवा सून आली, तिथे. मुलगी झालेल्या घरी पोरे लोहडी मागायला फिरकत नसत.

अलीकडच्या काही वर्षांत पंजाबात 'धीयां दी लोहडी', म्हणजे लेकींची लोहडी, साजरी होऊ लागली आहे. गावोगावच्या संस्था वर्षभरात जन्मलेल्या मुलींना आयांसह बोलावून शेकोटी पेटवतात, आणि काही घरांतून आजी-आजोबाच नातीच्या पहिल्या लोहडीला भाऊबंदांना आमंत्रण देतात. रेवड्या त्याच, शेंगदाणे तेच. गाणेही दुल्ला भट्टीचेच असते. त्यातला एकही शब्द बदलावा लागलेला नाही.