वस्तऱ्यावरचा काळा रंग

फर्दापुरात उतरून अजिंठ्याची लेणी पाहायला जाणाऱ्यांनी एक वस्तू मनात ठेवावी: वस्तरा. तिथे राहणाऱ्या बौद्ध भिक्खूने जवळ बाळगायच्या आठ वस्तूंमध्ये तीन चीवरं, भिक्षापात्र, कमरपट्टा, सुई आणि पाणी गाळायचं फडकं यांच्याबरोबर वस्तराही असे. वाघूर नदीकाठच्या त्या दगडी खोल्यांत पावसाळ्यात लोखंडाला ओल लागणारच!

आज सलूनमध्ये दर गिऱ्हाईकाला नवं पातं लागतं, आणि ते योग्यच आहे. पण जुन्या धोकटीतले अस्सल पोलादी वस्तरे घरोघरी गंजत पडले आहेत, याचं मला फार वाईट वाटतं. त्यांना निळा-काळा रंग चढवला, वर तेलाचा हात दिला, तर गंज बराच लांब राहतो.

मात्र हा रंग विस्तवावर आणू नका. पोलाद तापवलं की आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि तीनशे अंशांच्या आसपास सुंदर निळा रंग येतो. घड्याळाच्या स्प्रिंगला तो चालतो. वस्तऱ्याला एवढी आच लागली की लोहाराने दिलेलं पाणी उतरतं, पोलाद मऊ पडतं आणि धार टिकत नाही. कारखान्यात कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या द्रावणात लोखंड काळं करतात. ते स्वयंपाकघरात मुळीच करू नये.

घरी जमण्यासारखी रीत संथ आहे. मूठ काढून पातं साबणाने धुवावं, तेलाचा अंशही राहू देऊ नये. फडक्याच्या टोकाने पाठीवर आणि पोटावर व्हिनेगर पुसावं, धारेपर्यंत नेऊ नये. दमट जागी टांगलं की त्यावर तांबूस गंज धरतो. मग पातं बॅटरीत घालतात त्या शुद्ध पाण्यात पंधरा-वीस मिनिटं उकळावं. तांबडा गंज डोळ्यांदेखत काळा होतो! लोहचुंबकाच्या दगडात असतं तेच हे काळं ऑक्साइड. पाणी शंभर अंशांपुढे तापत नाही, म्हणून धारेला धोका नाही. सुटलेली काजळी बारीक लोखंडी किसाने हलकेच घासावी आणि मनाजोगता गडदपणा येईपर्यंत हेच पुन्हा करावं. एका फेरीत फिकट करडाच रंग मिळतो, तेव्हा घाई नको.

शेवटी पातं पूर्ण कोरडं करून तेल चोळावं. धार तेवढी निसण्यावर उजळ करून चामड्यावर परजावी. आणि दाढीला वापरणार असाल, तर तो वस्तरा घरातल्या एकाच माणसाचा ठेवा.